त्या दिवशी मी घरी नव्हतो

काझिमीर फाज हनुवटीने कधीच काही दाखवत नसे. कुणी वाट विचारली की तो डोक्यावरची टोपी काढायचा आणि टोपीने दिशा दाखवायचा. दोन्ही हातांत ओझं असलं तर ओझं खाली ठेवायचा, मग टोपी काढायचा, मग दाखवायचा. नवख्या माणसाला वाटे, काय हा अदबशीर माणूस! आम्हाला माहीत होतं, की ही अदब नव्हे. माझोरिकांच्या घरात जावई म्हणून राहायचं तर हनुवटी जपूनच वापरावी लागते.

माझोरिकांचं घर कोंब-रूसला, आमच्या गावाच्या वर. पाऊलवाट चढत जाते आणि एका मोठ्या खडकापाशी फुटते. डावीकडची वाट घराकडे जाते, उजवीकडची खाली ओढ्याच्या घळीत उतरते आणि तिथेच झुडपांत संपते. घराच्या पाठीमागे दगडी तालींनी बांधलेली शेतं पायऱ्यांसारखी वर गेली आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर सायप्रसची झाडं आहेत. आमच्या डोंगरात घरापाशी सायप्रस दिसले की माणसं आपोआप हळू बोलू लागतात, कारण त्यांच्याखाली त्या घरची माणसं निजलेली असतात. राजाने प्रोटेस्टंटांना दफनभूमीत जागा नाकारली तेव्हा ज्याने त्याने आपली माणसं आपल्याच शेतात ठेवली. पुढे कायद्याने जागा मिळाली, तरी सवय गेली नाही. वर दगड नाही, नाव नाही. झाड हेच नाव.

नोएमी त्या घरची मुलगी आणि काझिमीरची बायको. लहानखुरी, ताठ, कायम काळा झगा, आणि बोलण्यात एक शब्द सारखा यायचा: परवा.

मी या गावच्या शाळेत नवीन रुजू झाले त्या वर्षी पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. तिने चेस्टनटची पेज माझ्यासमोर ठेवली आणि चुलीमागच्या काळ्या भिंतीकडे बघत म्हणाली, "भिंतीला टेकू नका हं, बाई. परवा राजाचे शिपाई आले होते ना, त्यांनी जाळलंय सगळं. अजून काजळी लागते."

मी दचकून दाराकडे पाहिलं. आमच्या देशातला शेवटचा राजा जाऊन ऐंशीच्या वर वर्षं झाली होती.

कोपऱ्यात काझिमीर टोपली विणत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "त्या दिवशी मी घरी नव्हतो."

"हा कधीच घरी नसतो," नोएमी म्हणाली.

"शेळ्या घेऊन वर गेलो होतो."

"शेळ्या! शेळ्यांना विचारा, बाई, त्या तरी कबूल करतात का."

नवराबायकोचं हे काय चाललंय ते मला कळायला पुष्कळ दिवस लागले. परवा म्हणजे सतराशे तीनची शरद ऋतूतली एक सकाळ. चौदाव्या लुईचे शिपाई डोंगरातली प्रोटेस्टंट गावं एकामागून एक पेटवत चालले होते. धुकं होतं. खडकापाशी वाट फुटलेली पाहून त्यांचा नायक थांबला. तिथे खालच्या गावातला एक कॅथलिक मेंढपाळ उभा होता. नायकाने विचारलं, "माझोरिकांचं घर कुठलं?" मेंढपाळ एक शब्द बोलला नाही. त्याने फक्त हनुवटी डावीकडे उचलली. तो मेंढपाळ फाज घराण्यातला होता. दुपारपर्यंत घर जळलं. आत सुझान माझोरिक आणि तिची लेकरं होती. सगळ्यात म्हातारा सायप्रस त्यांचा.

ही गोष्ट सुझानच्या नणंदेने आपल्या मुलांना सांगितली तेव्हा ती खरोखर परवाचीच होती. त्या मुलांनी ती आपल्या मुलांना सांगितली, आणि त्यांनी त्यांच्या. जशी मिळाली तशी पुढे द्यायची, अशी त्या घरची रीत. कुणी एक शब्द बदलला नाही, म्हणून परवाही परवाच राहिला.

एकदा मी मास्तरकी करायला गेले. म्हटलं, "नोएमी, अहो, सव्वादोनशे वर्षं झाली त्याला."

"असतील," ती म्हणाली. "पण भिंत काळी आहे ना अजून? जुनं झालं असतं तर गेलं असतं."

शाळेत मी राजे एका ओळीत शिकवत असे. चौथा हेन्री, त्याने प्रोटेस्टंटांना मोकळीक दिली, तेरावा लुई, चौदावा लुई, त्याने ती मोकळीक काढून घेतली. पोरं सनावळी पाठ म्हणायची. एकदा नोएमी शाळेसाठी चीज घेऊन आली आणि दाराशी उभी राहून सगळा पाठ ऐकत राहिली. जाताना पोरांना म्हणाली, "आजोबाने दिलं आणि नातवाने काढून घेतलं. एवढंच लक्षात ठेवा. आजोबाने पाहुण्याला दिलेला खाऊ नातू असाच हिसकावतो." पोरं हसली. परीक्षेत मात्र अर्ध्या वर्गाने तेच लिहिलं.

आता काझिमीर या घरात आला कसा, ते सांगायला हवं.

पहिल्या महायुद्धात नोएमीचा भाऊ एली आणि काझिमीर एकाच तुकडीत होते. दरीतली मुलं म्हणून त्यांना एकत्र घातलं असावं. प्रोटेस्टंट कोण, कॅथलिक कोण, हे खंदकात कुणी विचारलं नाही. एली परत आला नाही. त्याचं काही मिळालंही नाही. उत्तरेकडच्या त्या चिखलात तो कुठे गेला ते चिखलालाच ठाऊक. लढाई संपल्यावर काझिमीर कोंब-रूसला चढून आला, ते सांगायला. विषारी वायूने त्याची छाती अर्धी झाली होती. खडकापाशी थांबून, झाडाला धरून, तो कसाबसा वर पोचला. म्हातारा आबेल माझोरिक टेबलाशी पेज पीत होता. काझिमीरने सगळं सांगितलं. एली शेवटच्या दिवशी काय जेवला, कशावर हसला, हेसुद्धा. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझं नाव काय, बाळा?"

"काझिमीर."

"काझिमीर कोण?"

"फाज."

म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला. मग नोएमीने उठून काझिमीरपुढे पेजेचा वाडगा ठेवला. तिने मला सांगितलं होतं, "त्याची हनुवटी बघायची होती मला. सारखी बघत होते. साधीच होती."

ती हनुवटी बघता बघता वर्ष गेलं आणि तिने लग्न करायचं ठरवलं. गावात दोन्हीकडून आरडाओरडा झाला. तिकडे फादर नाही म्हणाले, इकडे पास्टर नाही म्हणाले. शेवटी दोघांनी नगरपालिकेच्या कचेरीत सही केली आणि ना चर्चमध्ये गेले ना प्रार्थनाघरात. काझिमीर म्हणायचा, "दोन्हीकडचे सारखेच रागावले, म्हणजे वजन बरोबर झालं."

बापाची परवानगी काढायला नोएमी गेली तेव्हा आबेल चुलीसमोर बसला होता. तो बोलला नाही. खुर्ची वळवून तिच्याकडे पाठ करून बसला. आबेलचा होकार असाच असायचा. नाही म्हणायचं असलं की तो तोंडावर म्हणायचा. पण पाठ केल्या केल्या त्याने एक वाक्य भिंतीला सांगितलं: "या टेबलाशी बसू दे, त्या पलंगावर निजू दे. पण वरच्या मातीत नाही."

वरची माती म्हणजे सायप्रसची. तिथे फाजांना जागा नाही. आबेल थोड्याच वर्षांत स्वतः तिथे गेला, आणि गेलेल्या माणसाचा शब्द फिरवायचा कुणी?

काझिमीरने तो शब्द मनाला लावून घेतला असं कधी दिसलं नाही. मी पाहिला तो काझिमीर म्हणजे त्या वरच्या पट्टीचा माळीच. वणव्याच्या दिवसांत कोवळ्या सायप्रसना पाणी वाहून नेणारा तो. ढासळलेली ताल दगडावर दगड बसवून पुन्हा उभी करणारा तो. उन्हाळ्यात विळ्याने तिथलं गवत कापणारा तो. मला ते गवत कापणं फार आवडायचं; झाडांच्या मुळांपाशी आला की तो विळा बाजूला ठेवून हातानेच गवत उपटायचा, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचा धागा उचलावा तसं. मध्येच कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचा आणि खाली बघायचा. दरी, गार्दों नदीचा चकाकता धागा, त्याच्या पलीकडे निळे होत गेलेले डोंगर.

"इथून दरी काय छान दिसते!" तो म्हणायचा.

"बघून घे आताच," नोएमी खालून म्हणायची.

हे वर्षानुवर्षं चाललं. विनोद म्हणून चाललं, आणि त्याच्या आत काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. काझिमीरच्या बहिणीने, फिलोमेनने, खाली चर्चच्या दफनभूमीत आईशेजारची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती. रविवारी मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर चर्चबाहेर भेटला की ती त्याला आठवण करायची, "आईच्या बाजूची, बरं का. सावलीतली." काझिमीर मान डोलवायचा. फिलोमेनला वाटायचं, ठरलं.

मग दुसरं युद्ध आलं. उत्तरेकडून पळून आलेली माणसं आमच्या डोंगरात येऊ लागली. कुणी काही विचारत नसे. त्रेचाळीस सालच्या हिवाळ्यात नोएमीकडे एक ज्यू शिंपी आणि त्याची बायको होती. चेस्टनट वाळवायचं धूरघर हिवाळ्याअखेर रिकामंच असतं. तिथे ती दोघं राहात. "परवा आमच्या प्रचारकाला लपवला होता ना, त्याच कोपऱ्यात," नोएमीने मला सांगितलं. "उबदार आहे. फक्त धुराचा वास जात नाही. प्रचारकपण तक्रार करायचा." तो प्रचारक म्हणजे राजाच्या काळातला, डोंगरात लपूनछपून प्रार्थना घेणारा. त्याची तक्रारसुद्धा घराने सांभाळून ठेवली होती.

फेब्रुवारीतली एक सकाळ. मी मीठ आणि थोडं पीठ घेऊन कोंब-रूसकडे निघाले होते. धुकं इतकं की पायाखालची वाट सोडून काही दिसत नव्हतं. खडकापाशी काझिमीर भेटला. पाठीवर लाकडाची मोळी घेऊन तो दम खात उभा होता. आम्ही चार शब्द बोललो असू, तोच खालून बुटांचा आवाज आला. धुक्यातून शिपाई वर आले. सरकारी शिपाई, आपलेच, आपली भाषा बोलणारे, पण जर्मनांसाठी ज्यूंना शोधून नेणारे. त्यांचा नायक खडकापाशी थांबला. दोन्ही वाटांकडे पाहिलं आणि विचारलं, "माझोरिकांचं घर कुठलं?"

तो प्रश्न ऐकला आणि माझ्या हातातलं मीठ जड झालं. तोच खडक, तेच धुकं, तेच शब्द. मला वाटलं, आता धुक्यातून दुसरे शिपाई येतील, घोडे येतील, पिसांच्या टोप्या येतील. मी काझिमीरकडे पाहिलं. तो टोपी काढेल असं मला वाटलं. मोळी खाली ठेवेल, टोपी काढेल, वेळ काढेल.

त्याने मोळी खाली ठेवली नाही. टोपीला हात लावला नाही. नायकाकडे नीट बघून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याने हनुवटी उचलली. उजवीकडे.

"लांब आहे?" नायकाने विचारलं.

"घळ उतरली की समोरच."

ते गेले. बुटांचा आवाज खाली खाली गेला आणि ओढ्याच्या आवाजात मिसळला. काझिमीर तसाच उभा होता, हनुवटी अजून वर. मग मला म्हणाला, "बाई, तुमचे पाय हलके आहेत. तुम्ही पळा."

मी पळाले. शिंपी आणि त्याची बायको डोंगरापलीकडे निघून गेली तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. शिपाई दुपारी पोचले ते गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेले आणि काटेरी झुडपांनी ओरबाडलेले. नायक काझिमीरवर ओरडत होता. काझिमीर अगदी दीन चेहरा करून उभा होता. "धुक्यात उजवं-डावं कळत नाही, साहेब. युद्धात डोक्याला मार बसलाय." शिपायांनी धूरघर उलथंपालथं केलं, चुलीपाशी कपडे वाळवले, चीज नेलं आणि गेले.

संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. नोएमी काही बोलेल म्हणून मी वाट बघत होते. काझिमीरही बघत असावा. तो वाडग्यातून सारखा तिच्याकडे डोळे उचलत होता. ती पेज वाढत राहिली. शेवटी म्हणाली, "हनुवटी खाली कर. सांडेल."

बस. एवढंच. त्यानंतर तिने त्या सकाळचा उल्लेख कधी केला नाही. उन्हाळ्यात काझिमीर वरच्या पट्टीत गवत कापायला गेला आणि म्हणाला, "इथून दरी काय छान दिसते!" मी खाली अंगणात होते. नोएमी धुणं पिळत होती. तिचे हात थांबले. पण उत्तर तेच आलं, थोडं उशिरा: "बघून घे आताच."

मला तेव्हा तिचा राग आला होता. पुढे पुढे कळलं. तिच्या मनात नव्हतं असं नाही. तिच्या हातात नव्हतं. जमीन ज्यांची होती ते वर निजलेले होते.

वर्षं गेली. मी निवृत्त झाले आणि इथेच राहिले. माझं दुसरीकडे कोण होतं? सत्तावन्नच्या शरदात काझिमीरच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली. डॉक्टर वर चढून आले, छाती ऐकली आणि खाली उतरताना माझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी करत राहिले. मी समजले. दुसऱ्या दिवशी काझिमीरने मला खिडकीजवळ बोलावलं. नोएमी धूरघरात होती. चेस्टनट वाळवायचे दिवस होते. खालच्या मजल्यावर मंद आग धुमसत होती आणि कौलाच्या फटीफटीतून निळा धूर निघून घराभोवती तरंगत होता.

"बाई, तुम्ही विचारा तिला," तो म्हणाला.

"काय?"

"माहीत नसल्यासारखं काय करता? मी विचारलं तर ती नाही म्हणेल. एकदा नाही म्हणाली की तिलाच मागे घेता येणार नाही. तुम्ही विचारलंत तर विचार करेल."

"फिलोमेनने तुमच्या आईशेजारी जागा ठेवलीय की."

"आईशेजारी मी लहानपणी झोपलोय भरपूर." त्याला खोकला आला. मग हळूच म्हणाला, "ही तिथे वर एकटीच बोलत राहणार, परवा हे झालं, परवा ते झालं. मध्ये कुणीतरी उत्तर द्यायला नको का? उत्तर न देणारी माणसं तिला आवडत नाहीत."

मी धूरघरात गेले. नोएमी टोपलीतले किडके चेस्टनट निवडून बाजूला टाकत होती. मीही बसले आणि निवडू लागले. विचारायचं कसं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तर तीच म्हणाली, "त्याने पाठवलं ना तुम्हाला?"

"हो."

"मी कोण सांगणारी? बापाने सांगून ठेवलंय. आणि बापाला तरी कुठे हक्क होता? सुझानची जमीन ती. तिला विचारायला पाहिजे." ती उठली. शाल गुंडाळली. "चला येता तर. एकटीने विचारायचं धाडस नाही होत."

दुपार कलत होती. आम्ही तालींच्या दगडी पायऱ्या चढून वर गेलो. धूरघराचा धूर तिथपर्यंत येत होता आणि सायप्रसच्या बुंध्यांत अडकून राहिला होता. खालची दरी धुराने की धुक्याने पुसली गेली होती ते कळत नव्हतं. नोएमी म्हाताऱ्या सायप्रसला टेकून बसली. मी जरा लांब तालीवर बसले. तिने हात जोडले नाहीत की ओठ हलवले नाहीत. नुसती बसली. थोड्या वेळाने तिची मान एका बाजूला कलली. मला वाटलं, झोपली. कुठेतरी खाली काझिमीरच्या खोकल्याचा आवाज आला आणि विरला. झाडांमध्ये धूर हळूहळू हलत होता, माणसं उठून जागा बदलावीत तसा. मी पण डोळे मिटले असतील. सांगता येत नाही.

तिने डोळे उघडले तेव्हा तिच्या शालीवर सायप्रसची सुकी पानं पडली होती. ती झटकायचंही तिला सुचलं नाही.

"भेटली," ती म्हणाली.

"कोण?"

"सुझान. सगळेच होते, पण बोलली तीच. मी म्हटलं, आजी, फाजांच्या माणसाला इथे जागा द्यायची का? ती म्हणाली, कुठला फाज? परवा शिपाई आले तेव्हा खडकापाशी उभा होता तो?" नोएमी थांबली. "मी म्हटलं, हो, त्यांच्यातलाच. तर ती म्हणाली, चांगला माणूस. त्याने शिपायांना घळीत पाठवलं. चिखलात लोळून आले मेले."

मी तालीवरून उठून तिच्याजवळ जाऊन बसले.

"मी समजावायला गेले, बाई. म्हटलं, आजी, ते शिपाई वेगळे. तुमचे राजाचे होते. हे आत्ताचे. ती म्हणाली, वेगळे कसे? धुकं तेच होतं. खडक तोच होता. विचारलं पण तेच." नोएमीने माझ्याकडे पाहिलं, मला आठवतं तसं प्रथमच ती माझ्याकडे शाळेतल्या पोरीसारखी बघत होती. "त्यांना कळत नाही कुठला परवा ते. सगळे परवा एकातच मिसळलेत त्यांच्या. मी पुन्हा सांगणार होते. मग म्हटलं, राहू दे."

"आणि घर जळलं ते?"

"ते मी काढलंच नाही. तिच्या केसांना धुराचा वास येत होता." तिने शालीचं टोक नाकाशी नेलं. "आपलाच असेल, नाही? धूरघराचा."

"असेल," मी म्हटलं.

खाली उतरून ती सरळ काझिमीरच्या खाटेपाशी गेली. मी दारातच थांबले. तिने त्याच्या पांघरुणाची कड नीट केली. तो तिच्याकडे बघत होता, पण विचारत नव्हता.

"एलीची जागा आहे," ती म्हणाली. "बाबांच्या आणि तालीच्या मधली. एली काही यायचा नाही आता."

काझिमीरचे ओठ हलले. मग म्हणाला, "एलीला चालेल?"

"तूच विचार. माझ्याआधी भेटशील."

"आणि तुझे बाबा काय म्हणाले?"

"पाठ करून बसले होते."

काझिमीर हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला. नोएमीने त्याला पाठीला धरून बसवलं तरी थांबेना. "मग झालं," तो म्हणाला. "हो म्हणाले. पाठ करून बसले म्हणजे हो म्हणाले."

"जास्त नाचू नकोस, पोपवाल्या. अजून माती पडली नाही."

जागा मिळाल्यावर त्याला घाई राहिली नाही. हिवाळाभर तो खिडकीत बसून टोपल्या विणत राहिला. डोंगरात पिवळी फुलं फुटली तेव्हा एका सकाळी गेला. फिलोमेन रडली, रागावली, आणि शेवटी आईच्या जागेवरची मूठभर माती घेऊन वर आली. पास्टरने स्तोत्र म्हटलं. खालच्या चर्चचे फादरही चढून आले होते. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. तालीबाहेर टोपी काढून उभे राहिले आणि जे म्हणायचं ते तिथूनच हळू आवाजात म्हणाले. पास्टर त्यांचं संपेपर्यंत थांबले. नोएमी फादरना म्हणाली, "जरा मोठ्याने म्हणायचं होतं. त्याला कमी ऐकू यायचं." मग तिने हातभर उंचीचं सायप्रसचं रोप लावलं आणि पायाने माती दाबली.

आता ती नव्वदीकडे चालली आहे. उन्हाळ्यात शहरातले लोक डोंगरात फिरायला येतात, घर बघून थांबतात, पाणी मागतात. मीही बहुतेक दुपारी तिथेच असते. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण जोडपं आलं होतं. मुलीने चुलीमागच्या काळ्या भिंतीवर हात ठेवला आणि बोटांकडे बघितलं.

"परवा शिपाई आले होते," नोएमी म्हणाली. "माझोरिकांचं घर कुठलं म्हणून विचारत होते."

मुलीने घाबरून विचारलं, "कुठले शिपाई?"

"शिपाई," नोएमी म्हणाली. "पण त्या दिवशी आमचा काझिमीर घरी होता. त्याने चुकीची वाट दाखवली. सगळे वाचले."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी शाळा शिकवलेली बाई. सनावळी मला अजून पाठ आहे. सतराशे तीन, एकोणीसशे त्रेचाळीस. फळ्यावर लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी वाडगा पुसत राहिले. नोएमीने गोष्टीतला एक शब्द बदलला होता, आणि तो बदलायचा हक्क तिचा होता.

"किती छान!" मुलगी म्हणाली. "आणि ते आजोबा आता कुठे आहेत?"

नोएमीच्या दोन्ही हातांत पाण्याचे पेले होते. तिने ते खाली ठेवले नाहीत. उघड्या दारातून, तालींच्या वर, पुरुषभर वाढलेल्या सायप्रसकडे तिने हनुवटी उचलली.